मॅडमचा डिस्को

मोहाडीच्या तहसील ऑफिससमोर केवळरामभाऊंचं ऑनलाइन सेंटर आहे, आणि तिथल्या कॉम्प्युटरवर हर्षा मॅडमनं बसवलेला डिस्को आसपासच्या गावांत चांगलाच प्रसिद्ध होता. स्क्रीनच्या तळाशी हिरव्या पट्ट्यांची एक रांग. कधी त्या वाऱ्यावरच्या धानासारख्या हलक्या लहरायच्या, कधी एखादी मधूनच टणकन उडायची. वर कोपऱ्यात एक गोल चकती. गाणं चालू करायचं, थांबवायचं, मोठं-बारीक करायचं ते त्या चकतीवरून. चकतीच्या मधोमध गाण्याचं नाव यायचं, आणि ते नाव रोज एकच असायचं: आजी.

"मॅडम, हे कोणतं गाणं हाय जी?" लोक काउंटरवरून माना लांबवून विचारायचे. "पट्ट्या नाचून राहिल्या, पण आवाज काही येऊन नाही राहिला."

"काका, आधारला कोणता मोबाइल नंबर जोडलाय तो सांगा," हर्षा हसून म्हणायची, आणि विषय तिथंच मिटायचा.

कॉम्प्युटर सजवायचा नाद तिला कॉलेजपासूनचा. भंडाऱ्याला बी.एस्सी. करताना इतर पोरी हातावर मेंदी काढायच्या, ही लॅबच्या कॉम्प्युटरवर घड्याळं, चंद्रकोरी आणि गाण्यावर नाचणाऱ्या पट्ट्या काढून ठेवायची. सर रागवायचे आणि मग हळूच म्हणायचे, माझ्या लॅपटॉपवर पण करून दे. लग्न झालं, खुशबू झाली, आणि तो नाद माहेरच्या कपाटात राहिलेल्या ड्रेससारखा मागं पडला. तो असा कामाला येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

कारण खरी गोष्ट ही होती की त्या पट्ट्या गाण्यावर नाचतच नव्हत्या.

काउंटरच्या मागे एक दार होतं, नेहमी बंद. दाराखालून एक बारीक वायर आत जायची. आतल्या खोलीत जुने फ्लेक्स, कागदाचे गठ्ठे, बिघडलेला प्रिंटर, आणि मधोमध लुगड्याचा पाळणा. पाळण्यात खुशबू, अजून रांगायलाही न लागलेली. पाळण्याच्या दोरीपाशी बांधलेला माइक तिचा आवाज उचलायचा, वायर तो कॉम्प्युटरपर्यंत आणायची आणि पट्ट्या तो दाखवायच्या. चकतीवरचं बटण दाबलं की आतल्या छोट्या स्पीकरवर हर्षाच्या सासूचा, पार्वताबाईचा आवाज लागायचा. आजी गायल्याशिवाय खुशबू झोपत नसे, आणि कापणीच्या दिवसांत आजी सकाळीच विळा घेऊन कामावर जायची. म्हणून हर्षानं तिचं गाणं तिच्या नकळत मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं.

दार उघडं ठेवून भागलं नसतं का? नसतं. सेंटरच्या भिंतीला भिंत लावून राइस मिल होती. हंगामात ती अशी घरघरायची की टेबलाच्या अलीकडचं पलीकडे ऐकू जात नसे, आणि वरून कोंडा उडायचा. मागच्याच महिन्यात खुशबूची छाती भरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीत ठेवू नका. दार उघडं ठेवलं तर कोंडा आत, बंद ठेवलं तर रडणं आतल्या आत. म्हणून हर्षानं कानाचं काम डोळ्यांना दिलं. मिलची जाड घरघर पट्ट्यांच्या डाव्या टोकाला उमटते हे लक्षात आल्यावर तिनं डावं टोकच कापून टाकलं. उरल्या त्या पट्ट्या ती आता वाचायला शिकली होती. हलक्या लहरतात म्हणजे आजीचं गाणं चालू आहे, पोरगी झोपली आहे. एखादीच उडाली म्हणजे शिंक, नाहीतर खोकला. आणि सगळ्या एकदम वर गेल्या, वरच थरथरत राहिल्या, म्हणजे खुशबू रडते.

हे ती कुणाला सांगत नव्हती. काम देताना केवळरामभाऊ म्हणाले होते, "मॅडम, लेकरू आणा खुशाल. मांगची खोली रिकामीच हाय. पण गिऱ्हाइकाले समजलं नाही पायजे. लेकरू कामात आलं नाही पायजे. एवढी आपली बोली." हर्षानं मान हलवली होती. लेकरू घेऊन बसू देणारी दुसरी जागा मोहाडीत नव्हती, आणि खुशबूला घरी एकटं ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मग लोक डिस्को म्हणाले तर तिनं म्हणू दिलं. बाई शौकीन आहे असं म्हटलेलं परवडतं. बाई अडचणीची आहे असं म्हटलं की दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरं माणूस दिसतं.

धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली आणि सेंटरची रांग रस्त्यावर आली. त्या दिवशी सकाळपासून पोर्टल नुसतं गोल गोल फिरत होतं. काउंटरला टेकून करडी गावचे ताराचंद उभे होते. उंचेपुरे, गळ्यात दुपट्टा, आणि जीभ अशी की मिलच्या आवाजावरही मात करावी.

"मॅडम, तुमचा डिस्को कसा बरोबर चालते जी! आमचंच पोर्टल काहून नाही चालत?"

रांग हसली. मागून कुणी म्हणालं, "ताराचंदभाऊ, पोर्टललेही गाणं लावा, मंग चालते."

हर्षाही हसली. तिचा एक डोळा पोर्टलवर, एक पट्ट्यांवर. पाळण्याची गाठ सुटली तर? खोलीत उंदीर आहे म्हणतात. पंख्याच्या वायरीचा जोड उघडा आहे. असलं काहीबाही तिच्या डोक्यात दिवसभर चालूच असायचं, मिलसारखं.

दुपारी पोर्टल उघडलं. तिनं भराभर ताराचंदांचं नाव, गट नंबर टाकला, सातबारा चढवायला घेतला, आणि पट्ट्या वर गेल्या. सगळ्या. वरच राहिल्या.

उठलं तर पोर्टलवरचं उघडलेलं पान जाणार. सकाळपासून ताटकळलेलं माणूस समोर, त्याच्यामागे अख्खी रांग. एवढं सबमिट होऊ दे, मग उठते, असं तिनं ठरवलं. चक्र फिरत राहिलं. पट्ट्या खाली येईनात. ताराचंदांनी मोबाइल वर धरला होता, तिला वाटलं रेंज शोधताहेत. शेवटी हिरवी बरोबरची खूण आली. "पाणी पिऊन येते," म्हणत ती आत धावली.

खुशबू लालबुंद झाली होती. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात साचलं होतं. आता रडण्याचा आवाजही निघत नव्हता, नुसते हुंदके.

संध्याकाळी व्हिडिओ आला. आधी करडीच्या ग्रुपवर, मग मोहाडीच्या, मग सगळीकडे. वर लिहिलेलं: 'शेतकरी लायनीत, मॅडम डिस्कोत!' खाली हसून लोळणारे पिवळे चेहरे. कुणी तर चकती मोठी करून दाखवली होती: 'आजी नावाचं नवं गाणं आलं का बे?'

पार्वताबाई कापणीवरून आल्या तेव्हा नळावर शेजारणीनं त्यांना मोबाइल दाखवला. हर्षा खुशबूला मांडीवर घेऊन आत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"पाहा वो पार्वताबाई, तुमची सून गाणे आयकून राहिली कामाच्या जागी."

"आयकते त आयकते!" पार्वताबाईंचा आवाज. "माही सून गाणं आयकता आयकता काम करते. तुही त कामही नाही करत अन् गाणंही नाही आयकत. सरक, मले हंडा भरू दे."

घरात आल्यावर मात्र त्यांनी हंडा दाणकन ठेवला.

"हर्षे, बाहेर मी तुही बाजू घेतली. आता खरं सांग. असं कोणतं गाणं आयकते तू?"

हर्षानं मोबाइलवर बटण दाबलं. "तुमचं, आई."

बोडीवर बगळा निजला, बाई, बांधीत धान निजलं गं, असा घोगरा, सावकाश आवाज खोलीत पसरला. खुशबूनं ओळखून मान वळवली. पार्वताबाई खाली बसल्या.

"बाप्पा! मी असी गातो?" त्यांनी पदर तोंडावर घेतला. "आन् हे मोहाडीच्या साऱ्या लोकाईनं आयकलं?"

"कोणीच नाही ऐकलं. फक्त हिनं." मग हर्षानं सगळं सांगितलं, माइक, वायर, पट्ट्या, भाऊंची बोली. सांगताना तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. "हे पाहा. सगळ्या पट्ट्या वर आहेत ना? खुशबू रडतेय इथं. आणि ही मी."

व्हिडिओतली हर्षा शांत दिसत होती. बोटं चालली होती, चेहऱ्यावर रेषही हललेली नव्हती. तेच तिला सहन होईना. लपवायचं लपवायचं म्हणता म्हणता ती इतकी पटाईत झाली होती की पोरगी समोर रडत असताना हर्षाच्या तोंडावर खुशबूची आई दिसत नव्हती.

पार्वताबाईंना व्हिडिओतलं फारसं कळलं नाही. त्यांना कळलं ते वेगळंच.

"लपवते कायले? चोरीचं लेकरू हाय का?" त्या म्हणाल्या. "आमी धानाच्या रोवण्याले जावो, त तुह्या नवऱ्याले, अश्वजितले धुऱ्यावर झाडाखाली निजवत होतो. त्याचं रडनं आयकू आलं का साऱ्या बायका म्हनत, 'जाय वं, पाजून ये, तुही पात आमी धरतो.' मालक बोंबलत राये. बोंबलला म्हनून कोनी मांगं नाही फिरली. लेकराचं रडनं साऱ्या बांधीले मालूम राये, म्हनून त उठता ये. तू एकटीच आयकते, म्हनून तुले उठता नाही येत."

जेवणाआधी हर्षाच्या नवऱ्याचा, अश्वजितचा, बुटीबोरीहून फोन आला. त्याच्याही कंपनीत व्हिडिओ पोचला होता.

"काढून टाक ना ते," तो म्हणाला. "कायले लोकांच्या तोंडी लागते?"

"आणि खुशबू रडली तर?"

"थोडं रडल्यानं काही होत नाही लेकराले."

"मग ये शनिवारी. मिल चालू असताना त्या खोलीत दार लावून बस, आणि मला हाक मार. मी बाहेर बसते. पाहू ऐकू येते का."

"बरं, तुले जसं वाटते तसं," तो म्हणाला. ते होकारासारखं नव्हतं, पण हर्षानं होकार समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खुशबूला पाळण्यात घातलं, माइक दोरीला बांधला, दार लावलं आणि कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीन कोरी निळी होती. पट्ट्या नाहीत, चकती नाही.

"भाच्याकडून साफ करून घेतला," केवळरामभाऊ गल्ल्यापाशी अगरबत्ती ओवाळत म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मॅडम, माझ्या साळ्यानं नागपुरातून फोन केला. म्हणे भाऊजी, तुमच्या सेंटरात डान्सबार चालू हाय का? इज्जतीचा सवाल हाय. आता साधं काम करा, गाणे-गिणे बंद."

रांग लागलेलीच होती. हर्षानं पहिल्या म्हातारबांचे कागद घेतले. निळ्या पडद्याकडे पाहताना तिला डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं झालं. आत काय चाललंय? जागी आहे? झोपली? ती उठली, दार किलकिलं करून पाहून आली. झोपली होती. बसली. थोड्या वेळानं पुन्हा उठली.

"मॅडम, पोट बिघडलं का जी?" मागून आवाज आला. ताराचंद. आज भावाचे कागद घेऊन आले होते, आणि व्हिडिओमुळे रांगेत त्यांचा भाव वधारला होता. लोक त्यांना पुढं सरकवत होते. "का डिस्को बंद झाला म्हणून करमून नाही राहिलं?"

रांग खो खो हसली. हर्षा पुन्हा खुर्चीत बसली. म्हातारबांचे कागद तिनं नीट एका बाजूला ठेवले.

"बाबा, दोन मिनिटं थांबा."

आणि सगळ्यांच्या देखत तिनं ते फुकटचं सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेतलं. वाट बोटांना पाठ होती. माइक जोडला, चकतीवर आजीचं गाणं लावलं, डावं टोक कापलं. पट्ट्या आधी तळाशी बारीक असायच्या, आज तिनं त्या स्क्रीनच्या या काठापासून त्या काठापर्यंत ताणल्या, आणि हिरव्याच्या लाल केल्या.

"मॅडम!" केवळरामभाऊ उठून आले. "मी काय सांगितलं होतं?"

हर्षानं मॉनिटर दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला, तोंड रांगेकडे करून.

"ताराचंदकाका, इकडे या. तुमचा व्हिडिओ चांगला आला आहे. त्यात पट्ट्या उड्या मारतात ना, ते गाणं नाही. त्या खोलीत माझी मुलगी आहे. इथून वायर आत गेली आहे, पाहा. ती रडली की ह्या उडतात. काल तुम्ही व्हिडिओ काढत होता तेव्हा ती रडत होती, आणि मी तुमचा सातबारा चढवत होते."

ताराचंदांनी आधी वायरकडे पाहिलं, मग दाराकडे, मग गळ्यातला दुपट्टा उगाच सारखा केला.

"सांगाचं नाही का मंग," ते पुटपुटले. "आमाले का सपन पडते? काढून टाकतो मी थो व्हिडिओ."

"नका काढू. जिथं जिथं टाकलाय तिथं खाली लिहा, हे काय आहे ते."

"मॅडम, आपली बोली झाली होती," केवळरामभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "लेकरू कामात येणार नाही म्हणून."

"झाली होती. मी मोडली."

"तमाशा नका करू. कॉम्प्युटर माझा हाय."

"तुमचाच आहे. खुर्ची तुमची, खोली तुमची. काम मी करीन, काल केलं तसंच. पण ह्या पट्ट्या राहतील, आणि ह्या वर गेल्या की मी उठीन. समोर कोणीही असो, पोर्टल उघडं असो की बंद. हे चालत नसेल तर आत्ताच सांगा. मी लेकरू उचलते आणि जाते." शेवटचा शब्द तिनं पहिल्याइतक्याच मोठ्यानं उच्चारला.

केवळरामभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्यापर्यंत गेलेल्या रांगेकडे. रांगेतली एक बाई, डोक्यावरून पदर, काखेत पिशवी, कंटाळून म्हणाली, "भाऊ, भांडण मंग करा. आमची बस हाय."

भाऊ गल्ल्यावर जाऊन बसले.

हर्षानं मॉनिटर अर्धाच परत वळवला, तिलाही दिसेल आणि रांगेलाही. म्हातारबांचं काम झालं, पदरवाल्या बाईचं झालं. रांगेत आता गप्पा कमी आणि पट्ट्यांकडे नजरा जास्त होत्या. एक पट्टी टणकन उडाली तसे चौघे-पाच जण दचकले.

"रडली का?"

"शिंकली," हर्षा म्हणाली.

"बाप्पा, शिंकही समजते!"

मग ताराचंदांच्या भावाचे कागद आले. पोर्टल चालू होतं, फोटो चढत होता, निळी रेघ अर्ध्यावर आली होती, आणि लाल पट्ट्या वर गेल्या. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, सगळ्या.

"मॅडम, एवढं होऊन जाऊ द्या," गल्ल्यावरून केवळरामभाऊ म्हणाले. "अर्ध्यात सोडलं त पुन्हा पयल्यापासून कराव लागते."

निळ्या रेघेकडे पाहत ताराचंद काउंटरला तसेच टेकून राहिले. बोटं मात्र काउंटरवर वाजत होती.

हर्षानं चकतीवरचं गाणं थांबवलं, खुर्ची मागं सरकवली आणि आत गेली. आज पाण्याचं निमित्त सांगितलं नाही.

दार लावून तिनं खुशबूला उचललं. रडणं आत्ताच सुरू झालं होतं. डोळ्यांत पाणी होतं, पण गालापर्यंत आलं नव्हतं. कागदाच्या गठ्ठ्यावर बसून तिनं तिला पदराखाली घेतलं. भिंतीपलीकडे मिल धान भरडत होती, आणि खुशबू दोन्ही मुठी आवळून, घाम येईपर्यंत पीत होती. भाऊ काय म्हणतील, उद्या खुर्ची राहील की नाही, काहीच पक्कं नव्हतं. पण मांडी हलली नाही.

दारावर टकटक झाली. "मॅडम," केवळरामभाऊंचा आवाज, मिलवर चढवलेला, "पोर्टल बाहेर फेकते जी! लाइन थांबली हाय!"

खुशबूनं एक बाजू सोडली. हर्षानं तिला उभी धरून पाठीवर थोपटलं, ढेकर येऊ दिली, आणि दुसऱ्या बाजूला घेतलं.

"थांबू द्या, भाऊ," ती आतूनच ओरडून म्हणाली. "तिचं अजून व्हायचंय."